सुकन्याच्या हृदयाबाबत माझा निर्णय

१२ ऑगस्ट २०२३
सुकन्याच्या शाळेत सरकारी डॉक्टरांची गाडी आली होती. तपासणीत म्हणे हृदयाला भोक. पोरगी चौथीत, वर्गात पहिली. भोक असतं तर तीसपर्यंत पाढे पाठ झाले असते का? ऑपरेशन फुकट होईल, पण सहा महिन्यांत करा, असं डॉक्टरबाईंनी राजेश्वरीला सांगितलं. बायको रडली. मी नाही. फुकट म्हटलं की मी सावध होतो.

१४ ऑगस्ट
झेरॉक्सचं दुकान बंद ठेवून मोबाईलवर अभ्यास. लहान भोक आपोआप बुजतं. रिपोर्टमध्ये 'मोठे' लिहिलंय, पण लहान-मोठं हे बघणाऱ्यावर असतं. संकल्प: सुकन्याला रोज बीटचा रस आणि प्राणायाम. डिसेंबरपर्यंत बुजवणे.

३ ऑक्टोबर
बीट: तीन दिवस. प्राणायाम: एकदा (मला सर्दी).

९ नोव्हेंबर
आरोग्य केंद्राची आशाताई शुभांगी तिसऱ्यांदा दारात. म्हणाली, "दादा, पोरगी तुमची हाय, पन काळीज तिचं हाय ना?" तिला चाळीस मिनिटं पालकांचे हक्क समजावले. जाताना राजेश्वरीशी काहीतरी कुजबुजली.

२० जानेवारी २०२४
नगरहून बालकल्याण समितीचं पत्र. हजर राहा. माझ्याच मुलीबद्दल मलाच जाब! अकरा पानी उत्तर स्वतः टाईप केलं. कलमं बोल्डमध्ये.

२ फेब्रुवारी
समितीपुढे उत्तर वाचताना पाचव्या पानापर्यंत पोचलो. समितीच्या मॅडम म्हणाल्या, तुमचे हक्क मान्य, पण ते मुलीच्या जिवापेक्षा मोठे नाहीत. महिनाभरात पुण्याला नेऊन तपासा, असा आदेश. म्हणजे एक महिन्याची मुदत मिळवली. जवळपास विजयच.

२८ फेब्रुवारी
सुकन्याला केडगावला बहिणीकडे ठेवलं. पत्र राहुरीला घरी येईल, मुलगी तिथे नसेल. याला प्लॅनिंग म्हणतात. राजेश्वरी चार दिवस बोलत नाही. घरात शांतता. अभ्यासाला बरी.

११ सप्टेंबर
समितीची माणसं दोनदा येऊन गेली. पत्ता दिला नाही. केडगावला गेलो, तर सुकन्याचे ओठ निळसर. जांभळं खाल्ली असणार. सीझन संपल्यावर कुठून मिळाली, ते विचारायला हवं. बहीण म्हणाली, जिन्यात बसते, खेळायला जात नाही. हुशार मुलं बसूनच असतात.

६ नोव्हेंबर
राजेश्वरी स्वतः नगरला जाऊन समितीला पत्ता देऊन आली. माझी बायको! म्हणाली, "तुमी कागदावर जिंकत बसा. मी पोरीला घेऊन चालले." मी केडगावला पोचलो तेव्हा समितीची जीप निघतच होती. सुकन्या पुढच्या सीटवर. पुढे बसायला मिळालं म्हणून खूश. मला हात केला.

५ डिसेंबर, पुणे
मीही आलो. बाप आहे. ठरवलं होतं, मोठ्या मनाने परवानगी द्यायची. वाक्यंही तयार होती.
डॉक्टरांनी आधी बसायला सांगितलं. पायाच्या शिरेतून नळी घालून तपासलंय. फुप्फुसांतला दाब फार वाढलाय. आता भोक बुजवलं तर जीव जाईल. ऑपरेशन नाही. गोळ्या. धावायचं नाही. किती वर्षं, ते सांगता येत नाही.
विचारलं, मागच्या वर्षी आणलं असतं तर?
म्हणाले, तेव्हा बहुतेक जमलं असतं.
मी म्हणालो, म्हणजे ऑपरेशन नको, असंच तुमचंही मत.
डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी राजेश्वरीच्या हातात दिली.

६ डिसेंबर, सकाळी
सुकन्याने विचारलं, "पप्पा, ऑपरेशन आज आहे का? मला भीती नाही वाटत."
करणार नाहीत, म्हणालो.
"मग मी बरी झाले?"
राजेश्वरी उठून बाहेर गेली.
हो म्हणालो.