मळवटाखालचे डोळे

तुझा डावा डोळा उघडून झाला होता, आई, आणि मी उजव्यावर कुंचला टेकवत होतो, तेवढ्यात आत्या दारात येऊन उभी राहिली. तुझा हा एकच फोटो. गाठीच्या तापाच्या, प्लेगच्या साली सारं जुन्नर कुकडी नदीपलीकडच्या माळावर झोपड्यांत राहत होतं, तिथं तू वारल्यावर कुडाला टेकवून बसवून काढलेला. सवाष्ण गेलीस म्हणून हिरवं लुगडं, कपाळभर मळवट. फोटोत हिरवा, लाल दोन्ही काळे. डोळे मिटलेले. पूर्वी मी कोष्ट्यांना लुगड्यांच्या काठांची नक्षी काढून द्यायचो. आता लोकांच्या जुन्या फोटोंवर रंग चढवतो. म्हणून आबा म्हणाले, "पोरीचं लगीन हाय. तिनं आईला पाहिलीच न्हाई. डोळं उघड तिचं."

लुगड्याचा हिरवा, मळवटाचा लाल मला ठाऊक होता. डोळे ठाऊक नव्हते. मला आठवते ती चुलीपुढची तुझी पाठ. मी कोळशानं भिंतीवर वेली काढतोय आणि तू न वळताच म्हणतेस, "भित तुझ्या बापानं सारवली का रं?" जरा वेळानं हळदीची वाटी मागं सरकवतेस, रंगाला. तेव्हा तू वळून पाहिलंस का, ते काही केल्या दिसत नाही. शेवटी बहिणीला उजेडात बसवलं आणि तिचे डोळे तुला दिले. "दादा, एक मिचकावू का?" ती हसत होती. दुसऱ्या दिवशी तिची हळद होती.

आत्यानं फोटो पाहिला, मग बहिणीकडे पाहिलं. "आरं मुडद्या, नवरीला मळवट भरून बसवलीस की!"

मग मलाही ते दिसलं. मेलेल्या बाईच्या कपाळाखाली आमची पोर बघत होती.

आबा म्हणाले, "मळवट पूस. टिकली ठिव नुसती."

"सवाष्णीचा मळवट पुसत्यात व्हय?" आत्या त्यांच्यावरच उखडली.

बहिणीचं हसणं थांबलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "दादा, आई आशी न्हवती का?"

तू गेलीस तेव्हा मी मोठा होतो, मला तू आठवतेस, असं घरात सगळे धरून चालतात. हा कागद कुंचले पुसायला जाईल, म्हणून लिहितो: तुझा चेहरा मला आठवत नाही.

सकाळी ओल्या कापसानं दोन्ही डोळ्यांवरचा रंग काढला. खाली मिटलेले डोळे तसेच होते. हळद लागल्यावर बहीण आली, फोटोपुढं वाकली आणि मांडवात परत गेली.