बरक्याच्या बाई

१ नोव्हें., शनि.
दार्सैतला नीलाताईंकडे आमच्या इथल्या, आखातातल्या मराठी मंडळाची बैठक. ठराव एकच, कोकणी मुस्लिम मंडळींना स्वयंसेवक म्हणून ‘सामावून घ्यायचं’. वरून विचारणा झालीय म्हणे, तुमच्यात सगळे मराठी का दिसत नाहीत? इतकी वर्षं आमच्याकडची सुरमई त्यांच्याचकडून येते. आज आठवण झाली! स्वयंसेवकांची यादी नि हॉलची किल्ली माझ्याकडे, म्हणून काम माझ्या गळ्यात. नीलाताई अध्यक्ष, त्यांचे यजमान माझ्या नवऱ्याचे, श्रीचे, साहेब. त्याने आधीच बजावलं होतं, “जे सांगतील त्याला हो म्हण.” म्हटलं. चकल्या, चहा, फोटो. किळस आली, पण फोटोत मी हसतेय.

७ नोव्हें., शुक्र.
सकाळीच बरक्याला, तासाभरावरच्या मासळीबाजारात. सुरमईवाल्या दाऊदभाईंना विचारलं, कोणी येईल का? “आमच्या घरातलीच नेवा. भिंतींना पाढे शिकवत बसते.” त्यांची बायको सकीनाबाई. रत्नागिरीकडे मराठी शाळेत बारा वर्षं शिकवत होत्या! “इथं येऊन हात शिवशिवतात वो मॅडम.” आमच्या शनिवारच्या मराठी वर्गाला दोन महिने शिक्षक नाही. इतका आनंद झाला की मासळी न घेताच परतले.

१५ नोव्हें., शनि.
स.बाईंचा पहिला वर्ग. पुस्तक उघडलंच नाही. पुठ्ठ्याचे मासे कापले, मुलांना बाजार मांडायला लावला. निम्मी विकणारी, निम्मी घेणारी. इंग्रजी बोललं की एक मासा जप्त. माझी इरा, आजीशी फोनवर ‘हं’च्या पुढे न जाणारी, कमरेवर हात ठेवून भांडत होती. घरी येऊन श्रीला, “एवढ्यात परवडत नाय! दुसरीकडे बघा!” मला रडूच आलं.

१८ नोव्हें., मंगळ.
पुन्हा बैठक. नीलाताई : “बाई गुणी आहेत गं, पण मुलं ‘नाय’ म्हणायला लागली.” एका आईला मासे खटकले, त्यांचं घर शाकाहारी. पुठ्ठ्याचे मासे! मग तोडगा निघाला. “वर्गाला दुसरं कोणी बघू. स्नेहसंमेलनात त्यांना बिर्याणी आणू दे, वाढायलाही घेऊ. खूश होतील.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. बिर्याणीचं स.बाईंना कळवायचं कोणी, हेही कोणी विचारलं नाही. घरी येऊन यादी टाइप केली.
सकीनाबाई – जेवणवाटप.
माझ्याच हाताने. थू.

२२ नोव्हें., शनि.
स्नेहसंमेलन. स.बाई खडूंचा डबा घेऊन आल्या. भिंतीवरची यादी बोट ठेवून वाचली, सावकाश.
“टाइप कोणी केली?”
“मी.”
“शुद्धलेखन चांगलं आहे तुमचं.”
तेवढ्यात नीलाताई आल्या, “बिर्याणी कुठंय?”
“मला नाय येत वो बिर्याणी. मिस्टर करतात. सांगितलं असतंत तर त्यांनाच पाठवलं असतं.”
पण निघून गेल्या नाहीत. शेवटच्या पंगतीपर्यंत वरण वाढलं, स्वतः न जेवता गेल्या. नीलाताईंचा त्यांच्या खांद्यावर हात, असा फोटो ग्रुपवर. खाली ‘सर्वांना सोबत घेऊन’. सत्तर अंगठे. त्यात एक माझा. का दिला? श्री शेजारी बसला होता म्हणून? नाही. सवयीने.

२५ नोव्हें., मंगळ.
वर्गाला नवीन बाई मिळाल्या, पुण्याच्या. पहिल्या दिवशी म्हणे व्यंजनं घोटून घेणार. इरा : “मासेवाल्या बाई कधी येणार?”
स.बाईंना फोन केला, माफी मागायला. वाक्य पुरं करू दिलं नाही. “जाऊ दे वो. मी शनिवारी नऊला वर्ग घेते, बरक्यालाच, दुकानामागच्या खोलीत. सात पोरं जमलीत. इराला आणा. आणि मॅडम, मला एक स्वयंसेवक हवाय. चटया घालायला, पाणी द्यायला. याल?”
मला राग आला. मी? एम.कॉम. झालेली, मंडळाची समन्वयक, मी पाणी देऊ? फोन ठेवून ओट्याशी उभी राहिले. त्या दिवशी वरण वाढताना त्यांना काय वाटलं असेल ते तेव्हा कळलं. इतके दिवस नीलाताईंची शिसारी येत होती. आज स्वतःची.

२८ नोव्हें., शुक्र.
मंडळाचा वर्गही उद्या नऊलाच. श्रीला स.बाईंच्या बोलावण्याचं सांगितलं. तो म्हणाला, “साहेबांना काय सांगू?” मग “गाडीत पेट्रोल आहे,” एवढंच. म्हणजे काय समजायचं?
इराने दप्तर भरलंय. आत कापलेले मासे, नवे, स्केचपेनने खवले काढलेले.
आत्ता नीलाताईंचा मेसेज : “उद्या हॉल पावणेनऊला उघड. किल्ली तुझ्याकडेच आहे ना?”
आहे. समोर टेबलावरच आहे. स.बाईंनाही अजून उत्तर दिलेलं नाही. इरा विचारतेय, उद्या डबा एकीचा भरायचा की दोघींचा.