प्रिंटरमध्ये राहिलेलं नाव

सुंपांगो,
डिसेंबरातला दुसरा रविवार

प्रिय ओविदिओ,

तू रोज फोनवर विचारतोस, "सगळं ठीक ना, ताई?" आणि मी रोज हो म्हणते. आज मुद्दाम कागद घेतला, कारण तुझा फोन आला की आई शेजारी येऊन बसते आणि हे तिच्यासमोर बोलता येण्यासारखं नाही. माझं अक्षर तुला माहीतच आहे, कोंबडीने उकरल्यासारखं. लहानपणी त्यावरून तू मला कमी छळलं नाहीस. जसं लागेल तसं वाच, पण शेवटपर्यंत वाच.

तू पाठवलेला प्रिंटर पोचल्याचं सांगितलं होतं, त्याचं कौतुक करायचं मात्र राहिलं. साबणाच्या वडीएवढं यंत्र, फोनवर नाव टाइप करायचं आणि कागदावरून इस्त्रीसारखं फिरवायचं. पतंगाचा कागद पातळ, हात जरा थबकला की शाई पसरते, घाई केली की अक्षरं ताणली जातात. सुरुवातीला मी ढीगभर ताव वाया घालवले. मग हात बसला. कागदी फुलांच्या चक्रांवर, माळांवर, लहान पतंगांच्या कडांवर मी लोकांच्या गेलेल्या माणसांची नावं छापून देऊ लागले. बाबांबरोबर बांबू तासायचे ते तात बासिलियो आठवतात ना? त्यांनी नाक मुरडलं. म्हणाले, "अगं, हाताने लिहिलेलं नाव मेलेल्याला लांबून ओळखू येतं. हे छापील वाचायला त्याला चष्मा लागेल." आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप बायकोचं नाव छापून घेऊन गेले.

आईला अक्षरओळख नाही. बाबा गेल्यापासून पतंगावरचं त्यांचं नाव ती दर वर्षी कुणाकडून तरी लिहून घेते आणि दर वर्षी तिला वाईट वाटतं, की स्वतःच्या नवऱ्याला हाक मारायलाही दुसऱ्याचा हात लागतो. प्रिंटर पाहून तिचे डोळे लकाकले. सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवशी मी खळीसाठी पीठ आणायला बाजारात गेले. बाबांचं नाव मी फोनवर टाकून ठेवलं होतं, पण फोन माझ्याबरोबर पिशवीत. फोन जवळ नसला तर ते यंत्र त्याच्या पोटात आधीपासून साठवलेलं छापतं, हे मला कुठे ठाऊक! तू पाठवण्याआधी ते चालवून पाहिलं असशील. आणि नवं पेन हातात आलं की माणूस पहिलं काय लिहितो? स्वतःचंच नाव. मी परतले तेव्हा आईने पतंग पुरा करून चादरीत गुंडाळला होता. "बघू नकोस, दृष्ट लागेल," म्हणाली. इतकी खुशीत होती की मी हट्ट धरला नाही.

दुसऱ्या दिवशी कबरींपाशी सगळ्यांबरोबर आमचा पतंग वर गेल्यावर मी ते वाचलं. जांभळ्या कागदाच्या चारी बाजूंनी, एकाखाली एक, ओविदिओ, ओविदिओ, ओविदिओ. इतकी सुबक छपाई मलाही कधी जमली नव्हती, आईचा हात कुठे थबकलाच नव्हता. "दिसतंय ना गं बाबांना त्यांचं नाव?" तिने विचारलं. जिवंत माणसाचं नाव वर चढवत नाहीत, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. ज्याचं नाव वर जातं त्याला घराची वाट दिसते, आणि दिवस मावळताना पतंग जाळला की धुराबरोबर तो परत फिरतो. मी दोरा ओढायला धावले. दोरा तुटला. पतंग कबरींवरून, मक्याच्या शेतावरून दरीपलीकडे गेला आणि दिसेनासा झाला. वाऱ्यावर वाजणाऱ्या त्याच्या कागदी झालरीची गुणगुण मात्र आमच्या डोक्यावर तशीच चालू राहिली. तात बासिलियोंनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि म्हणाले, "आता जाळणार काय, पोरी?"

मी तिथूनच तुला फोन लावला होता, आठवतंय? तू तिकडे कुठल्याशा छपरावर कामाला होतास, तोंडात घास होता, "काय झालं, एवढी धापा का टाकतेस?" म्हणून हसलास. माझा जीव भांड्यात पडला. घरी आले तर कुत्रा खाटेखाली शिरून बसलेला, काही केल्या बाहेर येईना.

त्या दिवसापासून कुणीतरी येतं, ओविदिओ. अंधारात नाही, टळटळीत दुपारी, तू शाळेतून यायचास त्या वेळेला. कडी वाजते. मग अंगणातल्या हौदावर कुणीतरी हात धुतं, पाण्याचा आवाज मी स्वयंपाकघरातून ऐकते, आणि जाऊन पाहावं तर फरशी कोरडी ठणठणीत. एकदा पाठ दिसली. तू गेलास तेव्हा होती तशीच, काटकुळी, सदरा खांद्यावर उसवलेला. मी हाक मारली नाही. मारवेना.

आईला मी सगळं खरं सांगितलं, नाव चुकल्याचंही. वाटलं रडेल. ती हसली. म्हणाली, "मग काय बिघडलं? तुझ्या बाबांना वाट पाठ आहे, ते आपले येतातच. हाच येत नव्हता." आता ती रोज तिसरं ताट घेते. माझा आवाज चढला की दटावते, "हळू बोल गं, जेवतोय तो." ताटातलं काही कमी होत नाही, पण संध्याकाळी ते कुत्र्यापुढे टाकलं तर तो हुंगूनही बघत नाही.

फोनवर ती तुझ्याशी दोनच वाक्यं बोलून मला फोन देते, हे तुझ्या लक्षात आलंय का? पूर्वी तुझा फोन ठेवला की तासभर डोळे पुसत बसायची. गेल्या गुरुवारी तुझ्याशी बोलून झाल्यावर मला विचारलं, "कोण होता गं? आवाज ओळखीचा वाटला." मी चुलीकडे तोंड फिरवलं. आणि परवा तू मजेने सांगितलंस, की कामावरची गाडी तुला न घेताच निघून गेली, सगळ्यांना वाटलं तू आत बसलायस. मला नाही हसू आलं. तात बासिलियोंना सांगितलं तर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "एका नावाला एकच ताट असतं. ज्याचं नाव आहे त्याने आपल्या पायांनी दारातून आत यावं आणि आईच्या हातचं खावं. मग दुसरा उठून जाईल." न आल्यास काय, असं विचारलं तर टोपी डोक्यावर ठेवून निघून गेले.

तुझ्याकडे कागदपत्रं नाहीत, तू एकदा इकडे आलास की सीमेपलीकडे पुन्हा जाऊ देणार नाहीत, हे मला कळतं. एवढ्या वर्षांचं कष्टाचं सगळं मागे टाकून ये, असं म्हणायला जीभ रेटत नव्हती, म्हणून इतके दिवस रोज "सगळं ठीक" म्हणत राहिले. पण काल आईला ताप होता आणि तिसरं ताट मी वाढलं. घेवड्याची उसळ, मक्याची गरम तोर्तिया, तुला आवडते तशी कडेला करपलेली. पाठ करून उभी राहिले, अंगावर काटा येईल म्हणून वाट पाहिली. आला नाही. उलट फार बरं वाटलं, रे. घर भरल्यासारखं. मी गुणगुणत भांडी घासली, दिवसभर तुझी एकदाही आठवण झाली नाही. संध्याकाळी फोन वाजला, पडद्यावर तुझं नाव होतं, आणि मी ते बघत उभी राहिले, की हा तर घरीच आहे, मग हे कोण फोन करतंय? किती वेळ वाजत होता कोण जाणे. मग एकदम भानावर आले. तू वाट पाहून फोन ठेवला होतास. ओविदिओ, मीही विसरले तर तुला तिकडून बोलावणारं इथे कुणी उरणार नाही. तुझी आठवण अजून मला येतेय, तोवर ये.

तुझीच ताई,
फ्लोरिंदा