चाळीस टक्क्यांच्या अलीकडे

सोमवार, ३ नोव्हेंबर

मी अपंग आहे का? हे विचारायचं तरी कुणाला?

सेतू केंद्रात गेले, अर्जाचं विचारायला. तिथला मच्छिंद्र कॉम्प्युटरकडे तोंड करून बोलतो, म्हणजे माझं निम्मं गेलंच. मिळालं ते एवढं — "निराधारचा पगार बसंल — चाळीस टक्के पाह्यजे — उत्पन्नाचा दाखला —" आणि मग एकदम माझ्याकडे वळून, "पण ताई, तुला तर ऐकू येतंय की!"

येतं की. समोरच्याचे ओठ दिसले तर येतं. पाठीमागून हाक आली तर नाही. मग हे किती टक्के धरायचं?

"आन् बीए होऊन निराधार?" म्हणाला, हसला. मीपण हसले. कशाला हसले?

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सरकारी योजनेचा तो महिन्याचा पगार सुरू झाला तर नगरला खोली. कॉलेजातली मैत्रीण मोनिका अर्धं भाडं द्यायला तयार आहे. खोली म्हणजे लिहिणं. नाहीतर नेवाशाचं स्थळ.

आईला सांगितलं. ती दिवा लावून, बरोबर माझ्यासमोर येऊन बसली. कायम असंच करते बोलायच्या आधी, माझ्यासाठी. "बहिरी म्हनून सरकारी शिक्का मारून आनती का? नेवाशाची मानसं येनार हायेत. त्यांना काय सांगू?"

"खरं ते."

"तुझं खरं लई झालंय."

सगळं तिनंच शिकवलंय लहानपणी. तोंडाकडं बघायचं. कळलं न्हाई तरी मान हलवायची. लोकं हसली की हसायचं, पर जरा मागून. शाळा, कॉलेज, दोन बघण्याचे कार्यक्रम — कुणाला पत्ता नाही. एकाला माझी उंची कमी पडली, एकाची पत्रिका जुळेना. कानांपर्यंत कुणी पोचलंच नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

माझ्या गोष्टींत मध्ये मध्ये मोकळ्या जागा असतात. मासिकवाले म्हणाले, धाडसी प्रयोग. प्रयोग कसला! तिथं मला ऐकू आलेलं नसतं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

नगर. दवाखाना. आई बरोबर आली, पण घुश्शात. आप्पा गेल्यापासून आम्ही दोघीच, त्यामुळे भांडलो तरी बरोबरच जातो. शिपायानं माझं नाव पुकारलं म्हणे, दोनदा. मला कळणारच नव्हतं. पण आईपण ढिम्म. एवढा राग? शेवटी तो समोर येऊन उभा राहिला, "काय बाई, दोघीबी झोपल्या का?"

काचेची खोली. कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे मशीनवर मॅडम. आवाज काही येईना. पण आवाज सोडताना मॅडमचा उजवा खांदा जरासा हलतो. मी दाबत गेले. ठरवून नाही. खांदा — बटण. खांदा — बटण. चांगले मार्क पडतायत असं वाटून बरंही वाटत होतं!

मॅडमनी कागद बघितला. चाळीसच्या आत. "एवढ्यावर योजनेत बसत नाही तू."

आई खूश. स्टँडवर भेळ घेऊन दिली. एसटीत मी अख्खा रस्ता हाच विचार करत होते — पास झाले का नापास?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

म्हणजे मला ऐकू येतं? मशीन कशाला खोटं बोलेल? मग मी इतकी वर्षं नुसती बेपर्वा आहे का, कुणाकडे लक्ष न देणारी?

दुपारी कॉटवर पडले. पुणतांब्याहून निघालेली रेल्वे कॉटच्या लोखंडातून तळहाताला कळली. कानाला नाही.

आणि मग मॅडमचा खांदा आठवला. बटण मी तो बघून दाबलं होतं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आईला म्हटलं मोनिकाकडे जाते. एकटीच दवाखान्यात गेले. मॅडमना म्हटलं, परत घ्या, मी भिंतीकडे तोंड करून बसते. आधी वैतागल्या. मग खांद्याचं सांगितलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, आणि खुर्ची स्वतःच फिरवली.

पांढरी भिंत. हातात बटण. वाट बघत बसले. एखाददुसऱ्या वेळी लांबून घुमल्यासारखं काही आलं, मग काहीच नाही. वाटलं, मशीन बंद पडलं. वळून बघितलं तर मॅडम दारात — "झालं की."

दुसऱ्या एका मशीनवरही बघितलं, त्यात बटण नव्हतंच. तेच आलं. बासष्ट टक्के. बसते मी योजनेत! आनंद झाला का? कळत नाही. बासष्ट म्हणजे फर्स्ट क्लास, असला काहीतरी पांचट विनोद मनात आला.

मॅडम समोर येऊन सावकाश म्हणाल्या, "इतकी वर्षं निभावलंस कसं? शिकवलं कुणी हे?"

"आईनं."

"आणि आईला कुणी?"

मी मान हलवली. हसले.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आई ओसरीवर पाठमोरी बसून मेथी निवडत होती. दारातून हाक मारली. मग दोन पावलांवरून. मग ओरडले. बरंच मोठ्यानं असणार, कारण शेजारच्या राहीबाई धावत आल्या, "काय झालं गं?"

आई मेथी निवडत होती. राहीबाई समोर आल्या तशी तिनं वर बघितलं, त्यांच्या तोंडाकडे. मान हलवली. हसली. जरा मागून.