पंख्यासमोरचा कोश

प्रिय खिळेजुळाऱ्या,

आपल्या शब्दकोशाची डिस्क मी फ्रीजरमध्ये ठेवली, असे माझ्या भाच्याने तुला फोनवर सांगितले. ते साफ चूक आहे. फ्रीजरचा सल्ला त्याचाच होता. थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरते, म्हणून मी तो फेटाळला. त्यावर तू “म्हाताऱ्याने कोशाचं आइसक्रीम केलं” असे म्हणालास म्हणे. वाक्य निर्दोष आहे, माहिती सदोष.

खरे ते ऐक. सुतार, लोहार, शिंपी, गवंडी यांच्या बोलण्यातून आपण दोघांनी अठरा वर्षे वेचलेले शब्द त्या एकाच डिस्कवर होते. दुसरी प्रत नव्हती. हा दोष माझा. सोमवारी संगणक दर दहा मिनिटांनी बंद पडू लागला. दुरुस्तीवाला म्हणाला, “काका, डिस्क तापतेय. थंड राहिली तर एकदा नक्कल निघेल. दुसऱ्यांदा सांगवत नाही.”

संगणकाची पेटी उघडली, तर आतल्या पंख्यावर धुळीची गोधडी! वायर न काढता डिस्क पेटीबाहेर घेतली आणि तू खिळे जुळवायचास त्या छापखान्यातल्या दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवली, म्हणजे खालूनही वारा खेळावा. धातूची पट्टी मुद्दाम टाळली. डिस्कच्या खालच्या सर्किटला टेकली असती, तर सगळेच संपले असते. टेबलफॅन वेगळ्या स्टुलावर ठेवला, कारण त्याची थरथर डिस्कला सोसत नाही. नक्कल सुरू केली आणि पडद्यावरचे तापमान मोठ्याने वाचू लागलो. अठ्ठावन्न. एक्कावन्न. चव्वेचाळीस! सून म्हणाली, “बाबा, डिस्क आहे ती, बाळंतीण नव्हे.” मी तिला गप्प केले. एकोणचाळीसवर आकडा स्थिरावला आणि चार तासांनी सव्वीस हजार चारशे सतरा नोंदी सुखरूप उतरल्या. अरे, एकही गेली नाही! वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी मी खोलीत चक्क उडी मारली. गुडघ्याने निषेध नोंदवला.

मग नक्कल तपासताना प्रत्येक नोंदीची तारीख समोर आली. कोशाची कल्पना आणि पहिली नोंद माझी, असे मी प्रस्तावनेत लिहिले होते. ते वाचून तू “नाही” एवढेच म्हणालास आणि उठून गेलास. त्याला सहा वर्षे झाली. मी स्मरणावर विसंबलो. मुद्रितशोधकाने हे करू नये. हे पत्र त्यासाठी आहे. सोबतचे शुद्धिपत्र आधी तू तपास, मगच कोश छापायला जाईल.

तुझाच,
मुद्रितशोधक

शुद्धिपत्र

पहिली नोंद, ‘रंधा’: १४ जून नव्हे, ३ मार्च. तुझी.

माझी पहिली नोंद: १४ जून. तोवर तुझ्या दोनशे अकरा झाल्या होत्या.

लोहारांचा विभाग पूर्ण: ‘पावसाळ्यानंतर, दोघांनी’ नव्हे, ९ मे. तू एकट्याने.

मी तुला कामचुकार म्हणालो: सहा वर्षांपूर्वीचा २१ ऑगस्ट. तारीख बरोबर आहे. त्या दिवशी तुझ्या बारा नोंदी आहेत, माझी एकही नाही.

तू काम सोडलेस: २२ ऑगस्ट नव्हे. तुझी शेवटची नोंद ३० ऑगस्टची आहे.