निळ्या साखरदाणीचं चित्र

मी खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, व्यवसाय चित्रकाम (आता बंद), हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. अक्षर वाकडंतिकडं आहे, तेवढं चालवून घ्यावं.

१. राहती खोली आणि बँकेतली शिल्लक भाचीला. दुखण्यात तिने माझं सगळं केलं आणि एकदाही बोलून दाखवलं नाही.

२. ब्रश आणि रंगाच्या वड्या भाचीच्या मुलीला. त्यात पांढरा रंग शोधू नये. चित्रात काचेवरची चमक म्हणजे कोरा सोडलेला कागद.

३. संग्रहालयाच्या नोंदीसाठी मी रोजच्या वापरातल्या काचसामानाची तीनशे बारा जलरंगचित्रं काढली: फुलदाण्या, अत्तराच्या बाटल्या, नक्षीचे पेले. ती संग्रहालयाचीच. तिथल्या साहेबांनी एकावरही माझं नाव घालू दिलं नाही. त्यांना मी काहीही देत नाही, क्षमासुद्धा.

४. निळ्या साखरदाणीचं चित्र काच कारखान्यातल्या नक्षीवाल्याला द्यावं. चित्रासाठी काचेचे नमुने तोच आणायचा आणि त्याच दिवशी परत न्यायचे म्हणून खिडकीशी थांबायचा.

"झालं का?"

"अजून ओलं आहे."

दहा मिनिटांत वाळणारा रंग मी दुपारभर ओला ठेवायची. त्यालाही ते कळत होतं. साखरदाणीच्या पोटात खिडकीचं प्रतिबिंब आलं, त्यात तोही आला. साहेब खेकसले, "भांडं काढा, माणसं नकोत!" मी दुसरं काढून दिलं आणि हे ठेवून घेतलं.

कारखाना बंद झाला त्या दिवशी तो म्हणाला, "मी गाव सोडतोय. येतेस का?" मी मान वर न करता सवयीने बोलून गेले, "हे वाळू दे." तो संध्याकाळपर्यंत थांबला, मग नमुना उचलून गेला. मला हो म्हणायचं होतं. एकोणपन्नास वर्षं मला त्याची आठवण येते, हे इथे स्पष्ट लिहिते. भाचीने पत्ता काढला आहे. तो आहे, एकटा आहे, बसने दोन तासांवर.

वाचून दाखवताना वकील म्हणाले, "आजी, हे त्यांना तुमच्या पश्चातच मिळेल हं."

सबब कलम ४ मी माझ्या हाताने रद्द केलं आहे. चित्र वाळलं आहे. उद्या सकाळच्या बसने मी ते स्वतः घेऊन जाते.

स्थळ: राहती खोली. तारीख: १४ मार्च.
सही: चित्रकारीण

साक्षीदार:
१. डॉक्टर (प्रवासाला हरकत नाही)
२. समोरची शिंपीण (चित्र कापडात नीट बांधून दिलं आहे)