ताडाच्या अंगावरचा वड

३ नोव्हेंबर
आज माडीवरच्या आमच्या न्हाणीघराच्या झरोक्यातून मूळ आत आलं. बोटाएवढं, तांबूस. साबणाला हात नेला तर ओलं, केसाळ काहीतरी लागलं. किंचाळलेच. उपेंद्र धावत आला आणि बघून हसला. म्हणे, "झाड आहे गं, साप नाही." साप परवडला. तो निघून तरी जातो.

४ नोव्हेंबर
वड आहे तो. अंगणातल्या ताडावर वाढलाय. कुठल्या पाखरानं झावळीच्या बेचक्यात बी टाकलं असेल – माती नाही, काही नाही, तिथंच रुजला. मग दोऱ्यासारखी मुळं खाली सोडली. ती जमिनीला टेकली तशी जाड झाली, एकमेकांत मिसळली, ताडाभोवती जाळी झाली. वर याचा पाला ताडाचं ऊन खातो, खाली मुळं पाणी पितात. ताड आता दिसतसुद्धा नाही. आणि वटपौर्णिमेला मी यालाच सूत गुंडाळत होते!

मला सहावा लागलाय. मागचं पाचव्यात गेलं. हे असलं मला बघवत नाही.

७ नोव्हेंबर
घरमालक बालाजीरावांना सांगितलं, मुळं तोडा, नाहीतर आमची भिंत फुटेल. ते आणि महालक्ष्मीअक्का अंगणापलीकडच्या बैठ्या घरात राहतात. मान हलवून त्यांच्या तंजावरी मराठीत म्हणाले, "वेंडाम, नको पोरी. पाळणा असतां झाडाला कोयता लावूं नये."
कुणाचा पाळणा? तर माझाच. अक्कांनी मला न विचारता फांदीला पिवळ्या कापडाचा टीचभर पाळणा टांगलाय, आत बाळ म्हणून एक गोटा. इकडे तशी रीत आहे. बाळ घरी आलं की सोडायचा, तोवर झाडाला हात नाही.
रडूच आलं.

१५ नोव्हेंबर
मुळाशेजारी भिंतीला चीर, पलीकडे निजायच्या खोलीतही दिसते. पलंग दुसऱ्या भिंतीला सरकवला. उपेंद्र सिरुसेरीला कामावर गेला की मी न्हाणीघरात जायचंच टाळते.

१९ नोव्हेंबर
बालाजीराव आणि अक्का तंजावरला लग्नाला गेलीत. पाळणा मीच सोडला आणि झाडं कापणारी दोन माणसं बोलावली.
आमच्या बाजूची दोन जाड मुळं तोडून झाली. न्हाणीघरातलं शेवटी काढायचं ठरलं होतं. तेवढ्यात एकाचा कोयता जाळीतून मुठीपर्यंत आत गेला. मोबाइलचा उजेड पाडला. आत ताड नव्हताच. कधीचाच कुजून गेलेला. नुसती पोकळी, वटवाघळांचा वास.
"इल्ले," म्हणत त्यानं हातानंच नाही केलं, सामान आवरलं आणि दोघंही गेले.
म्हणजे इतकी वर्षं तो वड त्या मुळांवरच उभा होता, आणि मी तीच तोडली. परवा वादळ येतंय म्हणतात.

२१ नोव्हेंबर
वाऱ्यानं झाड कललं – तिकडे, बालाजीरावांच्या छपरावर. घर रिकामं होतं म्हणून बरं. पडलं मात्र नाही. न्हाणीघरातलं मूळ भिंतीत रुतलेलं, ते ताणून तारेसारखं झालंय. झाड तेवढ्यावरच थांबलंय. उपेंद्र आज हसला नाही. क्रेनवाले म्हणतात, सोमवारी.

२२ नोव्हेंबर
बालाजीराव आणि अक्का सकाळी परत आली. मी धावत खाली जाऊन सगळं सांगितलं, घरात जाऊ नका म्हटलं. अक्का म्हणाल्या, "तें झाड आम्हांवर नाहीं पडणार," आणि आत जाऊन स्वयंपाकाला लागल्या. बालाजीराव रागावलेसुद्धा नाहीत. दुपारी कोयता घेऊन जिना चढून आले. म्हणाले, "पाळणा तर सोडलास. आतां तुला भ्या घालतें तें मूळही काढतों."
न्हाणीघराचं दार उघडलं आणि तिथंच थांबले. पाळणा काल रात्रीच मी त्या मुळाला बांधला होता.